छत्तीस शेंड्यांपैकी अठ्ठावीस

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला तिसरा रविवार. सकाळचे साडेअकरा. चार रोपं, प्रत्येकाला नऊ शेंडे, म्हणजे छत्तीस. हजर माणसं दोन – वर बॉक्स रूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, हातात कात्री घेतलेली मी, आणि खाली जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीत बसलेला श्रीकांत, माझा नवरा. त्या खोलीत मी काय केलं ते आज पहिल्यांदा खोलीबाहेर जातंय. मुलीला माहीत नाही. पुण्यातल्या बहिणीला नाही, आणि तिला मी सगळं सांगते. श्रीकांतला तर नाहीच.

रोपं गांजाची होती. हे सांगून टाकलेलं बरं.

मी ब्रिस्टलमधल्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. बावीस वर्षं. मॉर्फिनसारख्या औषधांचं आमच्याकडे वेगळं कपाट असतं, वेगळं रजिस्टर असतं. एक गोळी बाहेर काढली की दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. बावीस वर्षांत माझ्या सहीखाली एकही आकडा चुकलेला नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. मी कशा प्रकारची बाई आहे ते कळावं म्हणून सांगते – म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला गोंधळलेली, बावरलेली वगैरे समजणार नाही. मी गोंधळले नव्हते.

श्रीकांतला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. तो विमानांच्या पंखांची डिझाइन्स करायचा. आधी डावा पाय गेला, मग उजवा, मग हातांना कंप सुटला. पण सगळ्यात वाईट होते ते पेटके. पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, आणि ते सुटेपर्यंत तो उशीची कड दातांत धरायचा. त्यावरच्या गोळ्या होत्या. त्या घेतल्या की पेटके कमी व्हायचे आणि श्रीकांतही कमी व्हायचा – सकाळी दहापर्यंत त्याचं एक वाक्य धड पुरं होत नसे. पंख मोजणाऱ्या माणसाला ते सहन होईना. त्याने गोळ्या अर्ध्यावर आणल्या.

खासगी क्लिनिकमधून गांजाचं औषध रीतसर लिहून मिळतं, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याचा खर्च ऐकून तोच नको म्हणाला. मीही आग्रह केला नाही. मग एक दिवस मोठ्या खोक्यातून काळ्या कापडाचा तंबू आला, दिवा आला, पंखा आला.

"टोमॅटो," श्रीकांत म्हणाला.

"जानेवारीत?"

"बरं, टोमॅटो नाहीत."

मी हसले. खरंच हसले. आणि तिथेच – तिथेच ना? – मी म्हणायला हवं होतं की नको. हा कायद्याने गुन्हा आहे, माझं रजिस्ट्रेशन जाईल, या वयात मला दुसरं काही येत नाही. तीन वाक्यं. त्याने ऐकलं असतं. तो हट्टी आहे, पण माझ्या नोकरीच्या आड तो कधी आलेला नाही. मी म्हणाले, "ठीक आहे, बघू."

सुरुवातीला तो स्वतः वर जायचा. पायऱ्यांवर पाठमोरा बसून, हातांनी रेटत, एकेक पायरी. फेब्रुवारीत पाचव्या पायरीवरून घसरला, आणि मग ते काम माझ्याकडे आलं.

ते काम मला आवडायला लागलं, हे लपवत नाही. रोप सरळ वर वाढू द्यायचं नाही. कोवळी फांदी हलकेच वाकवायची, मऊ दोरीने बाजूला बांधायची, म्हणजे सगळे शेंडे एका पातळीवर येतात आणि दिव्याचा उजेड सगळ्यांना सारखा मिळतो. श्रीकांतने त्यासाठी कागदावर चौकटी आखून दिल्या होत्या, कुठला शेंडा कुठल्या चौकटीत. तो खालून सांगायचा, मी वरून करायचे.

"जोरात नको. तिच्या कलाने घे."

"कुणाच्या?"

"फांदीच्या! तुझा काय भरवसा, तू कढीपत्ता मारलेली बाई आहेस."

"तो थंडीने मेला."

"किचनमध्ये? हीटिंगच्या शेजारी?"

असं चालायचं. दर रविवारी चाळीस मिनिटं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर एवढं सलग बोलणं आमच्यात बऱ्याच दिवसांनी होत होतं. सहा आठवड्यांत चारही रोपं पसरलेल्या पंजासारखी दिसायला लागली. श्रीकांतला मी फोटो काढून दाखवायचे. तो फोटो बोटांनी मोठे करून बघायचा आणि वहीत लिहायचा. अक्षर वाकडं, पण आकडे बरोबर. व्हिडिओ कॉल लावून वरून दाखव, असं तो एकदाही म्हणाला नाही. कशाला म्हणेल? मी मोजलंय म्हटल्यावर ते मोजलेलंच असणार.

मार्चच्या त्या आठवड्यात तो म्हणाला, आता शेवटची छाटणी. खालच्या चोवीस बारीक फांद्या काढायच्या, त्यांना उजेड मिळत नाही, त्या उगाच खातात. वरच्या शेंड्यांना हात लावायचा नाही, फुलं तिथेच येणार. मग दिव्याची वेळ कमी करायची, की फुलायला लागतात. "आणि हो," तो म्हणाला, "फुलायला लागली की वास सुटेल. फिल्टर मागवतो."

शुक्रवारी कामावर आमच्याकडची एक मुलगी माझ्या कार्डिगनजवळून जाताना थांबली. म्हणाली, बसमध्ये कुणीतरी गांजा ओढत होतं वाटतं. मी म्हणाले, हो ना, बसच्या वरच्या मजल्यावर. मी बसने जात नाही. गेली आठ वर्षं गाडीनेच जाते.

एवढंच कारण. पोलीस आले नाहीत, शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही. एका मुलीने एक वाक्य म्हटलं, तेही हसत. अजून फुलंही नव्हती, तरी वास होता – मग फुलल्यावर काय? शनिवारभर मी तेच धरून बसले होते. रविवारी कात्री घेऊन वर गेले तेव्हा माझं ठरलेलं होतं.

खालच्या चोवीस फांद्या मी काढल्या. नीट, त्याने सांगितल्या तशा. मग वरचे शेंडे धरले. आपण बांधलेल्या दोऱ्या मला दिसत होत्या. एकेक मोजत कापला. का मोजत? सवय. अठ्ठावीस झाल्यावर थांबले, कारण सगळेच कापले असते तर कळलं असतं. प्रत्येक रोपावर दोन ठेवले. पानंही ओरबाडली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

"झालं का गं?" खालून आवाज आला.

"झालं."

"किती?"

"चोवीस."

"वरचं सगळं शाबूत?"

"हो रे. छत्तीसच्या छत्तीस."

आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. तेरा पायऱ्या उतरून मी त्याला सांगू शकले असते की मला भीती वाटते, हे बंद करू. तो चिडला असता. कदाचित दोन दिवस बोलला नसता. त्या दोन दिवसांना घाबरून मी हे केलं का? मला वाटतं, तसंही नाही. मला नाही म्हणणारी बाई व्हायचं नव्हतं. आजारी नवऱ्याचा एक उपाय काढून घेणारी. उपाय आपोआप फसला तर मी चांगलीच राहणार होते. हा हिशोब मी तेव्हाही असाच, इतकाच स्पष्ट केला होता.

कापलेलं सगळं कौन्सिलच्या अन्नकचऱ्याच्या डब्यात गेलं, कांद्याच्या सालांखाली आणि चहाच्या चोथ्याखाली. त्या दिवशी श्रीकांतला मी आधीच्या रविवारचे, वरून काढलेले फोटो दाखवले. पुढचे तीन रविवार उरलेलंही थोडं थोडं खुडत गेले. मग फोटो खरे दाखवले, कारण आता ते रोगासारखं दिसत होतं. दोन रोपं वाळली. दोन काडीसारखी उभी राहिली. मे महिन्यात सगळी उपटली.

इथपर्यंतचं मी स्वतःशी निभावून नेलं होतं. नवऱ्याला गुन्ह्यापासून वाचवलं, घर वाचवलं – असं काहीबाही. खरी गोष्ट पुढे आहे.

श्रीकांतने चूक शोधायला घेतली. तो दुसरं काय करणार? पंखाला तडा गेला तर तडा कुठून सुरू झाला ते शोधणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम. पंधरा दिवस वही घेऊन बसला. दिव्याचं अंतर, पाणी, तारखा. आणि त्याला चूक सापडली. छाटणीनंतर दिव्याची वेळ बदलण्याआधी रोपांना सावरायला वेळ द्यायला हवा होता, आणि आपण तो दिला नाही, असं त्याने काढलं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "साधी गोष्ट. मला कशी कळली नाही?" मग म्हणाला, "सॉरी गं. तुला उगाच राबवलं."

मी म्हणाले, "असू दे."

उन्हाळ्यात आमची मुलगी मृण्मयी लीड्समध्ये फ्लॅट बघत होती. तिने बाबाला कर्जाचे आकडे पाठवले. पूर्वी त्याने तिला फोनवर तासभर पिडलं असतं. या वेळी त्याने मेल उघडलीच नाही. मृण्मयीचा मला फोन. "आई, बाबा माझा शीट का नाही बघत? तो ऑल्वेज चेक करतो. रागवला आहे का माझ्यावर?" मी त्याला विचारलं. तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "तिला म्हणावं, दुसऱ्या कुणाला तरी विचार. माझं हल्ली चुकतं."

हा आजार कधी कधी डोक्यातही शिरतो – विचार मंदावतात, आकडे निसटतात. श्रीकांतने ते वाचलेलं होतं. पाय गेले, हात गेले, आता तिसरं सुरू झालं, असं त्याने ठरवून टाकलं. घराचं वीजबिल तो तपासेना. बुद्धिबळाचं ॲप फोनवरून काढून टाकलं. सप्टेंबरमध्ये त्याने स्वतःच एमएसच्या नर्सला सांगून तपासणीची वेळ घेतली.

मी त्याच्याबरोबर गेले. लहानशी खोली, तिघं जण – नर्स, श्रीकांत, मी. नर्स समजूतदार बाई होती, मुद्दाम सावकाश बोलत होती. तिने विचारलं, कधीपासून जाणवतंय?

"मार्चपासून," श्रीकांत म्हणाला. "एक काम होतं, बागेचं. त्यात मी सरळसरळ चूक केली. त्याआधी असं कधी झालं नव्हतं."

नर्सने माझ्याकडे बघितलं. घरच्या माणसाला विचारतात ते, तशी रीत आहे. तुम्हालाही तसं वाटतं का?

मी मान हलवली. हो.

ती बाई काय विचारत होती ते मला पूर्ण समजलं होतं. उत्तर काय आहे तेही. तिने 'मार्च' असं कागदावर लिहिलं, ते मला उलटं दिसत होतं. सही मागितली नाही.

मग त्याला शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. सत्तरच्या घरात तो दोनदा अडखळला – का नाही अडखळणार, घाबरलेला होता. तरी सगळं नॉर्मल आलं. नर्सने तसं सांगितलंही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "या टेस्ट सोप्या असतात. मार्चमध्ये काय झालं ते त्यांना कुठे माहितीय?"

त्यानंतरच्या जानेवारीत मी खासगी क्लिनिकमध्ये अर्ज केला. या वेळी आग्रह केला. रीतसर औषध मिळालं, तेलाची बाटली. दुसऱ्या आठवड्यात श्रीकांत सकाळी सव्वासातपर्यंत सलग झोपला. म्हणजे ते लागू पडत होतं. रोपं फुलली असती तर मेमध्येच हाताशी आलं असतं; तेव्हापासून जानेवारीपर्यंत ते त्याला मिळालं नाही. आणि त्या आठ महिन्यांत त्याने स्वतःच्या डोक्यावरचा जो विश्वास सोडला, तो त्या बाटलीत नाही. पेटके कमी झाले. वीजबिल अजून मीच बघते.

मी सांगितलं का? नाही. सांगितलं तर त्याला त्याचं डोकं परत मिळेल, आणि कळेल की ते मी घेतलं होतं. दोन्ही मला माहीत आहे. रोज सकाळी माहीत असतं. मी कामावर जाते.

मागच्या महिन्यात बॉक्स रूम रिकामी केली. तंबू, दिवा आणि पंखा मिळून ऑनलाइन विकले. घरात मिरच्या लावणारा एक माणूस येऊन घेऊन गेला, ऐंशी पौंड रोख देऊन. श्रीकांतने नोटा मोजल्या, मग माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "तुझी मजुरी. त्या रविवारांची."

चार वीसच्या नोटा होत्या. मी त्या पुन्हा एकदा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.