तक्रार नाही

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडगावच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहिलो, तेव्हा शाळेतले सर खास बघायला आले होते. आपल्या माणसांच्या ऋणापोटी मी कामगारांची आणि पोलिसी मारहाणीची प्रकरणं घेत राहिलो.

नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगाराने ‘कायम करा’ असा अर्ज दिला. लगेच त्याच्यावर तांब्याच्या तारेच्या चोरीचा आळ आला. कोठडीत तळपायांवर इतकं मारलं की त्याला चपला घालता येईनात. अटकेतल्या माणसाला कोर्टात हजर केलं की न्यायाधीश विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मी त्याला बजावलं होतं, तेव्हा पाय दाखव.

न्यायाधीशांनी विचारलं. कामगाराच्या मागे त्याच्या शेजारच्याच गावचा हवालदार उभा होता. तो हळूच म्हणाला, "तुजं आबा घरी एकलंच असत्यात, न्हाई का रं?"

"काय तक्रार न्हाई, साहेब."

मी उठलो. "साहेब, याचे तळपाय बघावेत."

"कामावर लागलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

जामीन झाला. नोकरी गेलीच, आणि मारहाणीचं प्रकरण उभंच राहिलं नाही. बाहेर तो चपला हातात धरून चालत होता. टपरीवरून हवालदाराने मला हाक मारली, "या वकीलसाहेब, चहा घ्या. तुमचा पक्षकार लय शहाणा हाय."

आजही तो प्रश्न विचारला जातो, तेव्हा मी आधी आरोपीच्या मागे कोण उभं आहे ते बघतो.