फळ्यावर हुंकाकांचं नाव

वहिनींच्या खानावळीत सहा बाकं, दोन शेगड्या आणि दाराशी एक काळा फळा. बाकं डुगडुगत, शेगड्या कुरकुरत. पण फळ्याचा रुबाब काही औरच. गाजरं कोणाच्या शेतातली, दूध कोणाच्या गोठ्यातलं, पाव कोणाच्या गव्हाचा, हे वहिनी रोज सकाळी खडूने लिहीत.

अकरा वर्षांपूर्वी नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा घरातल्या दोन पातेल्यांवर त्यांनी हा उद्योग मांडला. आसपासचे चार शेतकरी भाजी आणून टाकत. त्यांचे आभार मानायचे म्हणून फळा आला. मग लोक जेवून उठले की फळा वाचून थेट त्या शेतांवर भाजीला जाऊ लागले. कोपऱ्यावरच्या पाववाल्यानेही फळा बघूनच आपला गहू ठरवला. ‘वहिनींनी लिहिलंय ना?’ एवढं म्हटलं की पुढे कोणी चौकशी करत नसे.

त्या चारांतले टोमॅटोवाले म्हणजे हुंकाका. काहीही विचारा, उत्तर एकच, हुं. पाववाला म्हणायचा, “लग्नातही हुंच म्हणाले असतील. तो होकार होता की नकार, काकू अजून विचार करतेय!”

त्या आठवड्यात काकांच्या टोमॅटोवर करपा पडला. सोमवारी सकाळी त्यांनी दूधवालीबरोबर निरोप धाडला, यंदाचं पीक गेलं. वहिनींनी ठोक बाजारातून दोन क्रेट मागवले. जाड सालीचे, एकसारखे लाल, चवीला पाणी. मग त्या खडू घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या. लोक येतात ते काकांच्या टोमॅटोच्या सुपासाठीच. एका दिवसाने काय बिघडतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी लिहिलं, ‘टोमॅटो – हुंकाका.’ मंगळवारी तेच. बुधवारी तर हात आपोआपच चालला.

बुधवारी भर दुपारी हुंकाका स्वतः दारात उभे. हातात लहानशी टोपली. तळाशी मोजून दहा-बारा टोमॅटो, एकेक फडक्याने पुसलेला.

“घरच्यासाठी ठेवलेले,” ते म्हणाले. इतकं लांब वाक्य वहिनींनी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. “म्हटलं, फळ्यावर माझी ओळ रिकामी नको. तुम्हाला वाईट वाटायचं.”

बोलता बोलता त्यांची नजर फळ्याकडे गेली. वहिनींची कानशिलं तापली. हातातला डाव कुठे ठेवावा, ते सुचेना.

तेवढ्यात नेहमीचे पोस्टमन बाकावरून ओरडले, “काका, या, या! तुमच्या टोमॅटोला तोड नाही हो!”

“हुं,” काका म्हणाले आणि बाकावर बसले.

आता वाढणं आलंच. वहिनींनी खाली मान घालून सुपाची वाटी भरून ठेवली. पहिल्या चमच्याला काका जरा थांबले. जिभेला सगळं कळलं असणार. चाळीस वर्षं टोमॅटो पिकवण्याखेरीज त्यांनी दुसरं काय केलं होतं? मग एकेक चमचा करत, तळ खरवडून त्यांनी वाटी संपवली.

“काका, टाकून द्यायचं होतं हो,” वहिनी हळूच पुटपुटल्या.

“माझं नाव लावलंय ना त्याला. टाकून कसं देऊ?”

आवाजात राग नव्हता. असता तर वहिनींनी ऐकून घेतला असता, चार शब्द उलट बोलून मोकळ्याही झाल्या असत्या. वहिनी टोपलीतले टोमॅटो परत द्यायला लागल्या, तर काकांनी ते भांड्यात ओतले आणि रिकामी टोपली उचलून बाहेर पडले.

वहिनींनी ओलं फडकं उचललं. सगळ्यांच्या देखत ती ओळ पुसली आणि तिथे लिहिलं, ‘टोमॅटो – बाजारचे.’ खडू खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुढे आणखी एक शब्द लिहिला: ‘सोमवारपासून.’

पोस्टमननी चमचा खाली ठेवला.

“म्हणजे वहिनी,” त्यांनी विचारलं, “मी तीन दिवस कौतुक केलं ते कशाचं?”

रस्त्यापलीकडे काका सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधत होते. त्यांनी एकदा तरी वळून फळ्याकडे बघावं, म्हणून वहिनी दारातून हलल्या नाहीत.

काकांनी पायडल मारलं, आणि तसेच निघून गेले.