हातात पाणी घेतल्यावर

ढुंढिराज भटजी खोटं बोलतात, हे आमच्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. पहाटे राजा घाटावर स्नान केलं म्हणून सांगायचे, आणि आमच्याच नळावर अंग विसळताना मी त्यांना पाहिलेलं. एकाच मुहूर्तावर दोन घरच्या पूजा घ्यायचे आणि दोन्हीकडे म्हणायचे, "तिकडे नुसतं आरतीपुरतं जातोय." त्यांच्या बायकोला, नंदावहिनींना, हे पाठ झालेलं. त्या म्हणायच्या, "संकल्पाचं पाणी तळहातावर असलं तरच ह्यांची जीभ सरळ चालते. एरवी काय विचारू नका."

काशीत बालाजी घाटाकडच्या खोल्या पुरेनात, तेव्हा आमची चार मराठी घरं शहराच्या या टोकाला आली, सुरजन पोखऱ्याच्या काठी. पोखरा म्हणजे तलाव. साऱ्या मोहल्ल्याचं पावसाचं पाणी त्यात उतरायचं, आणि त्याच्या जिवावर आमच्या विहिरी ऐन जेठातही आटत नसत. उताराला शेवटचं घर भटजींचं. तलाव बुजला तर पाणी आधी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चौऱ्याण्णव साली मोहनसेठचे ट्रक मलबा ओतू लागले. त्याला तलावावर चार मजली इमारत उठवायची होती. आम्ही अर्ज दिले. नकाशा पास करणारे साहेब आले ते नेमके जेठात, चिखलाला भेगा पडलेल्या असताना. नाकाला रुमाल लावून म्हणतात, "पानी किधर है? ये तो परती ज़मीन है."

"सावन में आइए साहब," नंदावहिनी म्हणाल्या, "नाव से उतारेंगे."

साहेब हसले आणि जाऊन 'पडीक जमीन' म्हणून सही केली. जिथे लोक डबक्यालाही तीर्थ म्हणून हात जोडतात, त्या गावात अख्खा तलाव कागदावरून पुसला, आणि पुसणाऱ्याच्या कपाळावरचं चंदन अजून ओलं होतं.

मग आम्ही बायका ट्रकच्या वाटेवर सतरंज्या टाकून लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसलो. पोलिसांनी कैऱ्यांसकट उठवलं. आणि भूमिपूजनाला पंडित कोण ठरला? आमचेच ढुंढिराज.

नंदावहिनींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट सरकवताना तेवढं म्हणायच्या, "जेवा. श्रावणात तरंगत जेवायचंय." मीही सोडलं नाही. नळावर गाठून विचारलं, "भटजी, दक्षिणेत धोतर मिळणार म्हणे? आखूडच मागा, खालून भिजेल."

"तू तुझ्या कैऱ्या बघ," म्हणाले आणि घागर अर्धी भरलेलीच घेऊन गेले.

पूजेच्या दिवशी सेठने हौसेने लाउडस्पीकर लावला होता. साहेब पहिल्या खुर्चीत. आम्ही दोरीबाहेर, तोंडं कडू करून. भटजींनी सेठच्या तळहातावर पाणी घातलं, आपल्याही घेतलं आणि संकल्प सुरू केला. संकल्पात कर्म कुठे चाललंय ते ठिकाण सांगावं लागतं. ते एकेक शब्द सांगत होते, सेठ मागोमाग म्हणत होता. वाराणसीक्षेत्रे झालं, भागीरथ्याः पश्चिमे तीरे झालं. मग भटजी थांबले. आपल्या हातातल्या पाण्याकडे बघत राहिले.

"सुरजनतडागस्य मध्ये," ते म्हणाले.

"सुरजनतडागस्य मध्ये," सेठ लाउडस्पीकरवर खणखणीत म्हणाला.

"यजमान, अर्थ भी सुन लीजिए. सुरजन तालाब के बीच में. अभी आप ही ने जल लेकर कहा."

दोरीबाहेर आधी हशा पिकला, मग कुणीतरी शिवी हासडली. साहेब चष्मा पुसू लागले. सेठने पाणी झटकलं. "ई का बोल दिए महाराज? काट के फिर से बोलिए."

"पाणी सोडल्यावर काय वाटेल ते बोलेन," भटजी मराठीतच म्हणाले. "हातात असताना नाही."

वहिनी त्या दिवशी नवऱ्याशी बोलल्या. "घरी चला," एवढंच.

पण पंडितांचा काशीत काय तोटा? दुपारी दुसऱ्याने तीच जमीन कोरडी म्हणून पुजली. तलाव गेला. भटजींकडे बडे यजमान फिरकेनात. असल्या भटाला कोण बोलावणार? आम्ही शेंबडे गरीब तेवढे उरलो, दक्षिणेला घासाघीस करणारे.

श्रावणात पाणी आलं. आपला तलाव शोधत आलं आणि सापडला नाही म्हणून भटजींच्या घरात शिरलं. देवघर बुडालं, पिठाचा डबा तरंगत अंगणात गेला. आम्ही बादल्यांनी उपसत होतो, तेवढ्यात सेठचा मुनीम पँट दुमडून दारात आला. इमारतीच्या पायात पाणी भरून भिंत बसली होती. दुसरा पंडित घाबरून येईना. वास्तुशांत करायची होती. जुनं सगळं विसरून सेठ दुप्पट द्यायला तयार होता.

"आधी ही बादली धर," नंदावहिनी त्याला म्हणाल्या.

भटजी गुडघाभर पाण्यात उभे होते. मी मनात म्हटलं, आता हो म्हणतील. घरात कोरडं धान्य उरलं नव्हतं. ते वाकले. पायाशी साचलेलं ते गढूळ, घाण पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि मुनीमाच्या नाकासमोर धरलं.

"सेठ से कहना, उसका तालाब मेरे घर में है. आके ले जाए."