बोंब मारणाऱ्याला तोंड असावं

वसईजवळच्या आमच्या गास गावात शिमग्याला बोंब मारायची ती नाव घेऊन. उगाच हवेत ओरडण्याला आमच्याकडे कोणी बोंब म्हणत नसत. होळी पेटली की बाप्येमाणसं घोळक्यानं निघायची आणि वर्षभरात ज्यानं काही आगळीक केली असेल त्याच्या दाराशी जाऊन उभी राहायची. कोणी शेजाऱ्याचा बांध सरकवलेला असे, कोणी म्हाताऱ्या सासऱ्याला वेगळी चूल मांडायला लावलेली असे, कोणी पंचायतीत निवडून आल्यावर लोकांचे नमस्कार घ्यायचे सोडलेले असत. त्याच्या दारात, त्याच्या तोंडावर, यमक जुळवून त्याची काढायची. त्यानंही बाहेर यायचं आणि ओटीवर उभं राहून सगळं ऐकायचं. आत दडला तर पुढच्या वर्षी दुप्पट. धुळवडीला सकाळी बोंब मारणाऱ्यानं त्याच घरी जायचं, एकमेकांना राख लावायची, त्या घरचं पाणी प्यायचं आणि घरधन्यानं दिलेला नारळ फोडून वाटायचा. संपलं. नंतर ते यमक वर्षभर कोणी तोंडातून काढायचं नाही. एखाद्या पोरानं काढलंच, तर ज्यानं ते रचलं तोच त्याच्या कानाखाली वाजवायचा.

माझे बाबा यातले उस्ताद. भात, थोडी केळी, थोडी भाजी एवढाच त्यांचा संसार, पण शिमगा आला की माणूस बदलायचा. एका वर्षी त्यांनी शेजारच्या काकांवर बोंब मारली होती. हे काका दुसऱ्यांच्या वाडीत पडलेले नारळ गुपचूप उचलून बाजारात विकायचे. 'वाकला रे वाकला, नारळ उचलाय वाकला, दुसऱ्याच्या वाडीतला आपला म्हनून इकला!' काका ओटीवर उभे, लाल झालेले, आणि आतून त्यांच्या बायकोचंच हसू ऐकू येत होतं. धुळवडीला बाबा गेले तेव्हा काकांनी नारळ पुढे केला. बाबा विचारतात, 'हा कोनाच्या वाडीतला?' दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. पुढे काका आजारी पडले तेव्हा त्यांना उचलून रिक्षात घालणारे बाबाच होते.

हे इतकं सांगते, कारण ज्यांनी नंतर मला 'ताई, विनोद कळत नाही का तुम्हाला' असं विचारलं, त्यांना हे ठाऊक नव्हतं. विनोद म्हणे कळत नाही. मी शिमग्याच्या घरात वाढले आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमची गावं महापालिकेत घालायची, अशी हवा सुरू झाली होती. नालासोपाऱ्याच्या बाजूनं इमारती चालत यायला लागल्या होत्या, आणि महापालिका आली की उरलेल्या वाड्याही जाणार हे लहान पोरालाही कळत होतं. गावागावांत सभा व्हायला लागल्या. बाबा त्यात पुढे होते. भाषणं त्यांना जमत नसत; ते सायकल काढून घरोघर जायचे. गिरीजला जा, होळी गावाला जा, कोण नातेवाईक, कोण ओळखीचा, त्याला म्हणायचं, सभेला ये. साठीला टेकलेला माणूस, पण त्या दिवसांत त्यांच्या अंगात वारं भरलं होतं.

त्याच सुमाराला नेटवर गावांतल्या पोरांनी एक कम्युनिटी काढली. मी तेव्हा वसईत एका वकिलाकडे टायपिंगला होते, तिथल्या कम्प्युटरवर दुपारच्या सुट्टीत बघायचे. पोरं एकेक चित्रं करून टाकत. एका पुढाऱ्याला रोडरोलरवर बसवलेलं आणि खाली केळीची बाग. दुसऱ्याच्या डोक्यावर टोपीऐवजी टॉवरची गच्ची. मी पोट धरून हसायचे. आजही हसेन. आमच्याकडे ट्रक नव्हते, माणसं विकत आणायला पैसा नव्हता, वर्तमानपत्रं आमची नव्हती. मोठ्या माणसाला मोठं म्हणून न घेणं एवढंच आमच्या हातात होतं, आणि ते काही कमी नव्हे. बाबांना घरी येऊन सांगितलं की ते म्हणत, 'बरोब्बर. त्याच्या दारात मारली पायजे ही.'

मग एक पुढारी गावाजवळ कसल्याशा उद्घाटनाला आला. आमच्या गावचे पाच-सहाजण निवेदन घेऊन गेले, गावं महापालिकेत नकोत म्हणून. कागद बाबांच्या हातात होता. तो देता देता वाऱ्यानं उडाला आणि पुढाऱ्याच्या पायाशी पडला. बाबा उचलायला वाकले. बरोबरच्या एका पोराकडे डिजिटल कॅमेरा होता, त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. फोटोत कागद बाबांच्या पंजाखाली झाकलेला. दिसतं काय, तर एक म्हातारा पुढाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतोय आणि पुढारी वरून गालात हसतोय.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं काय झालं ते. त्या पोरानं बाकीच्या फोटोंबरोबर हाही कम्युनिटीवर टाकला.

माझा चुलतभाऊ, बाबांचा पुतण्या, कुवेतला नोकरीला होता. बाबांच्या खांद्यावर बसून तो शिमगे बघत मोठा झाला होता. फाल्गुन चालू, हा तिकडे वाळवंटात, एकटा, आणि समोर आपल्या काकांचा असा फोटो. त्यानं काय करावं? त्यानं बाबांचंच ते नारळाचं यमक घेतलं, थोडं फिरवलं आणि फोटोखाली लिहिलं: 'वाकला रे वाकला, साहेबापुढं वाकला, केळीसकट वाडीसकट गाव ह्यानं इकला!' आणि लगेच फोन लावला. 'काका, बोंब मारलीय तुमच्या नावानं. नारळ काढून ठेवा.'

मी घरी फोटोचा प्रिंट घेऊन गेले तेव्हा बाबा इतके हसले की आईनं पाणी आणून दिलं. 'माझंच शस्तर माझ्यावर. शिकला बेटा.' त्यांनी खरंच एक नारळ बाजूला काढला. बाबांच्या दृष्टीनं हा मान होता. बोंब परक्यावर कोण मारतो? आणि ज्याची खरी चूक नाही हे गावाला ठाऊक आहे, त्याच्यावर मारलेली बोंब म्हणजे तर निव्वळ लाड.

पण नेटवर गाव कुठे असतं. आठवड्याभरात ते चित्र इमारतींमध्ये पोचलं, तिथून मुंबईच्या ऑफिसांत, ईमेलमधून कुठल्या कुठे. ज्यांनी गास कधी पाहिलं नाही, शिमगा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी ते खरं धरलं. का नाही धरणार? लिहिलेलं होतं, फोटो होता. मग एकानं यमकाला पुढची ओळ जोडली, दुसऱ्यानं बाबांच्या तोंडात नोटा घातल्या, तिसऱ्यानं गळ्यात पट्टा. आणि एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. एका चित्रातून पुढारी कापून टाकलेला होता. त्याचे नुसते बूट राहिले होते. बाकी सगळं चित्र माझ्या बाबांचं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पुढाऱ्याच्या नावानं टाकायला पोरं बिचकायला लागली असतील, त्याची माणसं घरी येतात असं कोणी सांगितलं असेल. वाकलेल्या म्हाताऱ्याची माणसं कोण घरी येणार? थट्टा वर फेकलेली होती, ती उतारानं खाली आली आणि जो सगळ्यात खाली उभा होता त्याच्या डोक्यावर पडली.

मी माझ्या नावानं तिथे लिहिलं. हा माणूस माझा बाप आहे, तो निवेदन उचलायला वाकला होता, तुमच्याच गावांसाठीचं निवेदन. उत्तरं आली. एकानं विचारलं, किती मिळाले? एकानं तो विनोद कळण्याचा प्रश्न टाकला. एक जण शिकलेला होता, त्यानं समजावून लिहिलं की मोठ्या लढ्यात अशा लहान गोष्टी व्हायच्याच. मी विचारलं, तुमचं नाव काय, घर कुठे, मी येऊन बोलते. त्या नावाच्या जागी एका वाघाचं चित्र होतं. वाघाच्या घरी कोण कसं जाणार? आमच्या बाबांनी आयुष्यभर थट्टा केली, पण स्वतःच्या तोंडानं, दुसऱ्याच्या दारात, आणि दुसऱ्या दिवशी तिथलंच पाणी पिऊन. मेल्यांनो, निदान पाणी प्यायला तरी या.

पावसाळ्याआधी चुलतभाऊ सुट्टीवर आला. विमानतळावरून थेट आमच्याकडे. त्यानं आपलं मूळ चित्र केव्हाच काढून टाकलं होतं, पण त्याच्या नकला कोण काढणार. त्यानंही तिथे खुलासा लिहून पाहिला होता, तर 'चमच्याचा पुतण्या चमचा' म्हणून त्यालाच झोडपलं होतं. तो बाबांच्या पायावर पडला आणि उठेचना. बाबांनी त्याला दंडाला धरून उठवला, ठेवलेला नारळ आणला, त्याच्या हातानं फोडायला लावला, खोबरं घरात सगळ्यांना वाटलं. म्हणाले, 'झाली धुळवड. आता तोंडातून काढायचं नाय.' आपल्या बाजूनं त्यांनी रीत पूर्ण केली. शिमगा सरतो आणि कवित्व उरतं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या दिवशी खोबरं चावताना कळला.

त्यानंतर बाबा हळूहळू बदलत गेले. सायकल पडवीत राहायला लागली. होळी गावातल्या एका घरी सभेचं सांगायला गेले, तर त्या घरातल्या सुनेनं आत जाऊन नवऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघांच्या दबक्या हसण्याचा आवाज बाहेर आला. कदाचित दुसऱ्याच कशावर हसले असतील. बाबा तसंच म्हणाले, 'दुसऱ्या कशावर हसले असतील.' पण पुन्हा गेले नाहीत.

मोठा मोर्चा ठरला, तहसील कचेरीवर. आदल्या दिवशी समितीतले दोघं घरी आले. दोघंही आमच्याच गावचे, एक तर निवेदनाच्या वेळी बाबांच्या शेजारी उभा होता. चहा झाला. मग तो चहाच्या कपात बघत म्हणाला, 'काका, राग मानू नका. उद्या तुम्ही पुढं नको. फोटो निघतील, पुन्हा कोणी तेच...'

माझा तोल गेला. मी म्हटलं, 'तुम्ही तिथं होतात ना? तुमच्या डोळ्यांदेखत कागद उडाला ना?'

'होतो गं. आम्हाला ठाऊक आहे. पण बाकीच्या गावांना कोण सांगत बसणार?'

'तुम्ही. दुसरं कोण सांगणार?'

बाबांनी मला हातानं थांबवलं. 'मागं चालतो मी,' म्हणाले. 'मागं पन मानसं लागतात.' आणि त्यांना पुन्हा चहाचा आग्रह केला.

मोर्च्याला मी बाबांबरोबर गेले. ऊन रणरणत होतं. बायका डोक्यावर पदर घेऊन निघालेल्या, कोणाच्या हातात केळीचं पान, कोणाच्या हातात बोर्ड. इतकी माणसं मी आमच्या भागात एकत्र कधी पाहिली नव्हती. बाबांनी टोपी पुढे ओढून घेतली होती आणि आम्ही अगदी शेवटच्या टोकाला चालत होतो. थोड्या वेळानं त्यांची मान वर झाली. ते इकडेतिकडे बघायला लागले, ओळखीची गावं मोजायला लागले. 'आले की गं सगले,' असं म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा चेहरा असा पाहिला.

तेवढ्यात आमच्या पुढच्या पोरांनी घोषणा उचलली. कॉलेजची पोरं, कुठल्या गावची मला माहीत नाही. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या लेखी ती आता एक घोषणा होती, विकल्या गेलेल्या कोणालाही लागू पडणारी. एक ओरडला, 'वाकला रे वाकला!' आणि बाकीचे, 'साहेबापुढं वाकला!' चाल सोपी, यमक पक्कं. बायकांनी धरलं, त्यांच्या पुढच्यांनी धरलं, बघता बघता रस्ताभर तेच. 'केळीसकट वाडीसकट गाव ह्यानं इकला!'

मी बाबांचा हात धरला. म्हटलं, चला, आपण बाजूला होऊ, रिक्षा करू. त्यांनी हात सोडवून घेतला. आणि मूठ वर केली, आणि ओरडले. सगळ्यांबरोबर. शिमग्याच्या त्या खणखणीत आवाजात, जो मी वर्षभर ऐकला नव्हता. पुढच्या पोरांनी मागे वळून बघितलं आणि त्यातल्या एकानं खूश होऊन अंगठा दाखवला. 'काका, जोरात!' बाबांनी आणखी जोरात आवाज लावला. कचेरी येईपर्यंत ते ओरडत होते. मी त्यांच्या शेजारून चालत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. 'बाबा, तुम्ही कशाला ओरडलात?'

त्यांचा आवाज पार बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाले, 'मोर्चा आपला होता ना, बाय. आपल्या मोर्च्यात आपन गप कसं ऱ्हायाचं?'

मी मिठाचं पाणी कोमट करून दिलं. मोरीत उभं राहून ते बराच वेळ गुळण्या करत होते, आणि मी आत भांडी घासत घासत रडत होते.