हॅमिल्टनहून ब्रिटन चालवताना

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात उरल्यासुरल्या भाज्यांचे डबे साचतात ना, तसे ते साचत जातात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर येतात! माझं तसंच झालंय. गेले काही महिने आमच्या ऑफिसात असा ताण होता, की हसू आलं तरी आम्ही दबकून हसत होतो. आता तो गेलाय. मी मोकळी झालेय. तेव्हा बसा, सांगते.

आधी माणसं सांगून टाकते, म्हणजे गोंधळ नको. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला, एका न्यूज वेबसाइटच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही तिघंच. ग्रॅहम हा संपादक, तीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडहून इथे आलेला. अरोहा फोटो काढते आणि पानं लावते. आणि तिसरी मी, मीनल, पुण्यात पेपरात होते, आता इथे. आमचं मुख्य ऑफिस ऑकलंडला. इथली सकाळ म्हणजे ब्रिटनची संध्याकाळ, म्हणून ब्रिटनच्या बातम्या आमच्या गळ्यात. गावातल्या गाईम्हशी आणि रस्त्यांवरचे खड्डे सांभाळून आम्ही ब्रिटन चालवतो! म्हशी नाहीत इथे फारशा, पण बोलायची सवय.

तर झालं काय, ऑकलंडने बातम्या लिहिणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. नाव पेनी. आणि त्याबरोबर निरोप आला, की पेनी नीट चालली तर तिघांतलं एक कमी होईल. नाव कोणी घेतलं नाही, पण सगळ्यांत शेवटी आलेली मी! मला वेगळं सांगायला कशाला हवं?

न्यूझीलंडला आल्या आल्या मी ख्राइस्टचर्चजवळ, हॉर्नबीला, एका सुपरमार्केटच्या बिलाच्या काउंटरवर उभी होते. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. पण रोज सुटल्यावर पेपरच्या स्टँडपाशी उभी राहून मथळे वाचत बसायचे. ग्रॅहमने मला पुन्हा बातमी लिहायला बसवलं. ती खुर्ची जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली, खोटं कशाला बोलू!

* * *

ग्रॅहमचं एक वैशिष्ट्य आहे. "त्या देशाच्या राजकारणाला कंटाळून मी देश सोडला," असं तो प्रत्येकाला सांगतो. आणि सकाळी आल्या आल्या, जॅकेट काढायच्या आधी, त्याच देशाचं राजकारण उघडून बसतो! मग स्क्रीनला शिव्या. मग चहा. मग पुन्हा शिव्या.

आमच्याकडे त्याने एक रिवाज पाडलाय. ब्रिटनचा पंतप्रधान पायउतार झाला, की ग्रॅहम समोरच्या बेकरीतून सगळ्यांना गरमागरम 'पाय', म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, आणणार. मी खिमा खात नाही, म्हणून माझा चीज-बटाट्याचा. मध्यंतरी तिकडे पंतप्रधान इतक्या पटापट बदलायला लागले, की बेकरीवाली विचारायला लागली, "पुन्हा? आत्ताच तर घेऊन गेलात!"

सध्या कोण आहे ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही वाचेपर्यंत बदललेला असायचा.

डॉक्टरांनी मला मागे विचारलं, वजन कशाने वाढलं? म्हटलं, ब्रिटनमधल्या अस्थिरतेने!

* * *

आता पेनीबाईंचा पहिला पराक्रम. आमच्याकडे गावातल्या मोठ्या माणसांवर मृत्युलेख येतात. एक म्हातारे शेतकरी गेले, जन्मभर डेअरी फार्म चालवला. अरोहाने माहिती दिली, पेनीने लेख लिहिला. लेख बरा होता हो. पण साइटवर गेल्यावर पेनीने खाली चौकट जोडली: "तुम्हालाही हे करायचंय? सुरुवात अशी करा!"

मृत्युलेखाखाली!

ग्रॅहमने चौकट काढली, डोक्याला हात लावला आणि त्या शेतकऱ्यांच्या बायकोचा फोन येण्याची वाट बघत बसला. फोन आलाच. ग्रॅहम उभा राहून माफी मागायला लागला, तर बाई म्हणाल्या, "थांबा, थांबा. लेख कोणी लिहिला?"

"पेनीने," ग्रॅहम म्हणाला. सॉफ्टवेअर आहे हे सांगायचा त्याला धीर झाला नाही.

"तिला थँक्यू सांगा. एवढ्या वर्षांत त्याच्याबद्दल इतकं चांगलं मीसुद्धा बोलले नव्हते!"

* * *

पेनी प्रत्येक बातमीला मार्कही द्यायची. किती लोकांनी वाचली, कुठे सोडली, सगळं. ग्रॅहमने ब्रिटनच्या निवडणुकीवर आठवडाभर खपून एक लेख लिहिला. पेनीने त्याला काठावरसुद्धा पास केलं नाही. त्याच दिवशी अरोहाने तळ्याजवळ रस्ता ओलांडणाऱ्या बदकाचा फोटो टाकला होता. पेनीने बदकाला डोक्यावर घेतलं!

ग्रॅहमने दिवसभर तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघितला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "अरोहा, तो बदकाचा फोटो माझ्या लेखात टाक."

"कुठे?"

"संसदेच्या फोटोच्या वर."

टाकला. लेख धो धो वाचला गेला. ग्रॅहमची कॉलर ताठ! अखेर लोकांना गंभीर पत्रकारिता हवी असते, वगैरे सुरू झालं. मग वाचकांच्या प्रतिक्रिया उघडल्या. सगळ्यात वरची होती: "राजकारण ठीक आहे. बदक पलीकडे पोचलं का?"

* * *

माझे वडील माझ्याकडेच असतात. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून घेऊन आले. वीज मंडळातून रिटायर झालेत. बुधवारी आमच्या शेजारच्या लायब्ररीत ज्येष्ठांचा गप्पांचा कट्टा असतो, तो भरेपर्यंत बाबा आमच्या ऑफिसातल्या सोफ्यावर बसतात. लोकरीची कानटोपी आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. थंडी कानाला वाजते, पायाला नाही, असं त्यांचं शास्त्र आहे. ग्रॅहमचं आणि त्यांचं मस्त जमतं. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण बाबा त्याला "ग्रॅहमसाहेब"च म्हणतात, आणि त्याला ते मनापासून आवडतं, लेकाला!

एकदा ग्रॅहम त्यांना ब्रिटनची पद्धत समजावत होता. निवडणूक न घेतासुद्धा पक्ष आपला नेता कसा बदलतो, वगैरे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्याकडे पक्ष तोच राहतो, माणूस बदलतो."

"एक्झॅक्टली!"

"आमच्याकडे माणूस तोच राहतो, पक्ष बदलतो."

ग्रॅहमने विचारलं, "मग यातलं चांगलं कुठलं?"

"ते बघायला मी इकडे आलोय," बाबा म्हणाले, "पण इथे तुम्ही लोक फक्त बदकं वाचता."

* * *

ब्रिटनची एक मोठी पॉपस्टार ऑकलंडला येणार होती. उघड्या मैदानावर कार्यक्रम. परीक्षण मी लिहायचं, आणि एक जादा पास होता म्हणून बाबांना घेऊन गेले. गाडीत दोन तास त्यांनी तिची गाणी ऐकली आणि निकाल दिला, "ताल चांगला आहे. दुःख काय आहे ते कळलं नाही."

आम्ही पोचलो आणि असा वारापाऊस सुटला, की कार्यक्रम रद्द! बाईंनी स्टेजवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. छत्री उलटी झालेल्या अवस्थेत आम्ही दोघं गाडीकडे पळतोय, तेवढ्यात माझ्या फोनवर आमच्याच साइटचं परीक्षण: "अविस्मरणीय संध्याकाळ! ऑकलंड थिरकलं!" पेनीबाई वाट न बघता लिहून मोकळ्या झाल्या होत्या. ऑकलंडच्या साहेबांनी स्वतःच तिला त्या परीक्षणापुरती तशी परवानगी दिली होती, वेळ वाचावा म्हणून.

मी संतापले. ही माझी जागा घेणार! बाबांनी चष्मा पुसून परीक्षण नीट शेवटपर्यंत वाचलं.

"अगं मीनल, न झालेल्या कार्यक्रमात हिला एवढी मजा आली. ही बाई सुखी आहे. तू कशाला चिडतेस?"

ऑकलंडहून दुसऱ्या दिवशी निरोप आला, पेनी अजून शिकतेय, सांभाळून घ्या.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण सांगते. त्या परतीच्या वाटेवर मी बाबांना खरं काय ते सांगितलं. तिघांतलं एक जाणार, आणि ती बहुतेक मीच; मग पुन्हा हॉर्नबीच्या काउंटरवर. तोवर लपवून ठेवलं होतं. नुकते कुठे रुळले होते हो ते इथे! बसचा नंबर पाठ, लायब्ररीतला कट्टा, शेजारच्या डेअरीवाल्या पटेलभाईंकडून रोजचं दूध. डेअरी म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान.

बाबांनी रुमालाने काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाले, "हॉर्नबीला बर्फ पडतो का गं?"

"कधीतरी."

"मग बूट घ्यावे लागतील मला," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू आलं, पण गाडी चालवत होते, म्हणून गिळलं.

* * *

आणि आता तो बुधवार. ऑकलंडहून ब्रेट नावाचे साहेब निर्णय घ्यायला येणार होते. पेनीचं काम समोर बसून बघायचं आणि कोण राहणार, कोण जाणार ते सांगून टाकायचं. मी सकाळपासून देवाचं नाव घेत होते. बाबा नेहमीप्रमाणे सोफ्यावर. मी म्हटलं, आज नका येऊ, तर म्हणाले, "मी काही बोलणार नाही." आणि खरंच गप्प बसले होते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनचा पंतप्रधान कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे राजीनाम्याची बातमी आम्ही आधीच लिहून ठेवतो. नावाची जागा तेवढी कोरी. पण पेनीला कोरी जागा चालेना. लाल चौकट दाखवायची: पूर्ण नाव द्या, फोटो द्या. खरं नाव घालून ठेवलं आणि मधेच माणूस बदलला, तर चुकीचं जायचं. तेव्हा अरोहाने वैतागून समोर सोफ्यावर बघितलं आणि टाइप केलं: अरविंद टेंबेकर. आमचे बाबा! फोटोही दिवाळीच्या कार्यक्रमात तिनेच काढलेला, कानटोपी आणि जँडल्ससकट. कोणी चुकून पाठवणार नाही एवढं अशक्य नाव हवं, हाच तर ग्रॅहमचा नियम!

ब्रेटसाहेब लॅपटॉप उघडून म्हणाले, "बातमी जाण्याआधी माणसाने बघून ओके म्हणायचं, हे कशाला ठेवलंय?"

"सवय," ग्रॅहम म्हणाला.

"याच सवयीत वेळ जातो." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते बटण बंद केलं.

त्याच वेळी लंडनमधून एक बारीकशी बातमी आली. कोणीतरी उपमंत्र्याने राजीनामा दिला होता. पेनीबाईंना "राजीनामा" एवढं दिसलं आणि त्यांनी धाव घेतली. आमच्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ब्रेटसाहेबांचाही.

"ब्रिटनचे पंतप्रधान अरविंद टेंबेकर यांचा राजीनामा."

खाली बाबा. कानटोपीत. साऱ्या न्यूझीलंडच्या फोनवर!

अरोहा टेबलाखाली गेली. हसायला की लपायला, ते मला अजून माहीत नाही. ग्रॅहमने धावत जाऊन बातमी उतरवली. ब्रेटसाहेब एकदा फोनकडे, एकदा सोफ्याकडे बघत होते. फोटोतला माणूस तिथेच बसला होता, तीच टोपी घालून.

"कोणाला बोलून उपयोग नाही," शेवटी ते पडेल आवाजात म्हणाले, "बटण मीच बंद केलं." मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "तुम्ही तिघंही राहा. पेनी परत जाईल. मी ऑकलंडला सांगतो."

मी मटकन खुर्चीत बसले. तीच खुर्ची, माझी! अरोहाने येऊन गळ्यात हात टाकले आणि मी सगळ्यांदेखत रडले. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. इथल्याच टौरंगा गावचे सुळेकाका, तेही मुलाकडे राहायला आलेले. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. सुळेकाकांचा आवाज साऱ्या ऑफिसात घुमला.

"अरविंदराव! अहो, हे काय बघतोय मी? राजीनामा दिलात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. टोपी नीट केली.

"दिला हो. कोणीतरी एक जाणारच होतं. म्हटलं, पोरीऐवजी आपण जावं!"