शेंडे खुडणाऱ्या बाई

जव्हारच्या कॉलेजातल्या आमच्या जीवशास्त्राच्या बाईंना झाडाचा शेंडा बघवत नसे. बोलता बोलता त्या तुळशीचा, जास्वंदीचा, प्राचार्यांच्या लाडक्या शेवंतीचासुद्धा शेंडा खुडत. प्राचार्य चिडले की म्हणत, "सर, हा एकटाच सगळी साखर ओढतो. खालचे डोळे उपाशी झोपतात."

हेच त्यांचं वेड. पानं साखर करतात, शेंडा ती ओढतो आणि वर आपल्या संप्रेरकाने खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतो. शेंडा गेला की साखर खाली पोचते, डोळे फुटतात. कुणी नुसती संप्रेरकांची नावं पाठ करून आलं की विचारत, "फुटायचा हुकूम सुटला. पण डोळ्याच्या पोटात काय आहे?"

आमच्या गावी, दाभोशाला, त्या जीपने येत. आईने मोगरा लावला होता. तो फुलला तर फुलं विकून भागणार होतं, तिला दरवर्षीसारखं गाव सोडून वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. छाटणी बाईंनीच शिकवली आणि बजावलं, "ताई, आता येणारं कोवळं पान जपा. कुंपण घाला." पण आमच्याकडे भात कापला की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात. तेव्हा कुंपण घालणं म्हणजे शेजाऱ्याशी उभं वैर.

"भावकीच्या शेरडांना काटं लावू? लोकां काय म्हंतील?" आई म्हणाली.

शेळ्यांनी पालवी खाल्ली. पुन्हा फुटली, पुन्हा खाल्ली. मग मोगरा फुटेचना. खताच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून आईने संप्रेरकाची बाटली आणून फवारली. त्यानेही काही झालं नाही.

बाईंनी उजाड काड्या पाहिल्या आणि त्यांचा आवाज चढला. "ताई, हे औषध झोपलेल्याला उठवतं, उपाशी मेलेल्याला नाही! पानच नाही तर साखर कुठून येणार? आता वर्षभर कात्री लावू नका. पानं येऊ देत."

"पाना येतील तवर आमी काय खावाचा, बाई?"

भट्टीवर जाणारा टेम्पो रस्त्याला उभाच होता. बाईंनी आईचं गाठोडं उचललं आणि स्वतः आत ठेवलं.

आई पावसाच्या तोंडाशी परतली, तोवर बाईंची बदली झाली होती. मोगरा चुलीत गेला. मला बाईंचा अजून राग येतो. आमच्या दारात येऊन इतकं खरं कुणी बोललं नव्हतं, आणि ते आमच्या काहीच कामाला आलं नाही.