वहीतलं ‘नेहमीप्रमाणे’

येरवड्याच्या भाड्याच्या खोलीत बसून मी प्रबंधाचा तिसरा अध्याय लिहीत होते आणि एका शब्दापाशी अडले. प्रयोगाच्या वहीत मी जागोजागी ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहून ठेवलं होतं. आमच्या प्रयोगशाळेची ही जुनीच खोड. तीच कृती दहा वेळा कोण लिहीत बसणार? प्रबंधात मात्र ते चालत नाही, सगळं फोडून लिहावं लागतं. फोडायला बसले आणि दोन नोंदी एकमेकींशी जुळेनात.

माझं काम एका जिवाणूच्या विषावर होतं. हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याचा एकटा रेणू अंग चोरून पाण्यात तरंगत असतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पेशीच्या पातळ, तेलकट पडद्याला टेकला की त्याचा नूर बदलतो. असे सात रेणू भोंडल्यासारखा फेर धरतात आणि प्रत्येक जण आपला पाय पडद्यातून आरपार खाली सोडतो. सातांच्या पायांची मिळून एक नळी होते, म्हणजे पडद्याला भोकच. त्यातून क्षारांची ये-जा सुरू होते, पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. मी या प्रथिनाच्या साखळीतली एकच कडी बदलली होती आणि बदललेलं विष पेशी फोडत नव्हतं. म्हणजे भोक पाडायला ती कडी हवीच, हा माझा शोध. त्यावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारल्याचं पत्र मागच्याच आठवड्यात आलं होतं आणि नागपूरला बाबांनी विहारात पेढे वाटले होते. आमच्या घरातली पहिली डॉक्टरेट माझी होणार होती. निबंध छापून आल्याशिवाय प्रबंध दाखल होत नव्हता.

पण बदललेलं विष हट्टी होतं. शुद्ध करताना त्याच्या गुठळ्या व्हायच्या, म्हणून मी त्यात थोडं डिटर्जंट, म्हणजे साबणासारखं रसायन, घालायचे आणि शेवटी ते काढून टाकायचे. मूळ विषाला त्याची गरजच नव्हती. दोघांचं ‘नेहमीप्रमाणे’ वेगळं होतं आणि दोन वर्षं ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोकही तेलकटच. त्यालाच पडदा समजून सातांनी बाटलीतच फेर धरला असेल, पाय आधीच सोडले असतील, तर खऱ्या पेशीत घुसायला उरलं काय? मग कडीचा काही संबंधच नाही. माझा शोध म्हणजे माझाच गलथानपणा.

तीन दिवस खपून, कोणाला न सांगता, मी डिटर्जंटशिवाय ते विष पुन्हा बनवलं. बहुतेक सगळं गुठळ्या होऊन तळाशी बसलं, वर थोडं नितळ उरलं. आता ताजं रक्त हवं होतं. आमच्याकडे रक्त द्यायच्या पाळ्या असत. रीतसर परवानगी घेतलेली, नावांची यादी फ्रिजवर चिकटवलेली. त्या दिवशी पाळी होती माझ्या मार्गदर्शक मॅडमची.

“रक्त?” मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “निबंध तर झाला तुझा. आता छंद म्हणून काढायचंय का?”

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं, एका दमात. मग त्या उठून संस्थेच्या दवाखान्यात गेल्या आणि हातावर कापूस दाबत परत आल्या.

“सांडू नकोस,” रक्ताची नळी देत त्या म्हणाल्या. “माझ्यात फार शिल्लक नाहीये.”

तांबड्या पेशी धुऊन मी तीन नळ्या भरल्या. पहिलीत नुसतं मिठाचं पाणी, दुसरीत मूळ विष, तिसरीत डिटर्जंटशिवाय बनवलेलं बदललेलं विष. तिन्ही गढूळ लाल. अंगाइतक्या उबेत अर्धा तास ठेवायचं. पेशी शाबूत राहिल्या तर नळी गढूळच राहते. फुटल्या तर आतला रंग मोकळा होतो आणि पाणी आरपार दिसायला लागतं. यंत्रावर मोजण्याआधी मॅडम नळीमागे वर्तमानपत्र धरायच्या. अक्षरं वाचता आली की पेशी गेल्या.

खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मला सत्यबित्य काही नको होतं. तिसरी नळी गढूळ राहावी आणि माझा शोध टिकावा, एवढंच हवं होतं. मॅडम शेजारच्या स्टुलावर बसून होत्या, मी घड्याळाकडे बघत होते आणि तळहात सारखे पुसत होते.

दहाव्या मिनिटाला दुसरी नळी निवळली. ती निवळणारच होती. विसाव्या मिनिटालाही तिसरी तशीच होती आणि मला जरा श्वास घ्यावासा वाटला. पंचविसाव्याला तिचा रंग किंचित उजळ दिसला. मी स्वतःला समजावलं, खिडकीतून ऊन येतंय.

अर्ध्या तासाने मॅडमनी पेपर धरला. पहिल्या नळीतून काही दिसेना. तिसरीतून मी हिंजवडीतल्या फ्लॅटची जाहिरात वाचली, खालच्या बारीक अटींसकट.

“हे कोणाकोणाला माहीत आहे?” मॅडमनी विचारलं.

“आपल्या दोघींनाच.”

आता त्या ‘राहू दे’ म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी तसं म्हणावं असं मनापासून वाटत होतं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

“बस,” त्या म्हणाल्या. “संपादकांना पत्र लिही. निबंध मागे घेतोय म्हणून.”

मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीच्या चुकीमुळे’. मॅडमनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, ते खोडलं आणि लिहिलं, ‘माझ्या देखरेखीतील चुकीमुळे’.

“मॅडम, चूक माझी आहे.”

“तुझ्या वहीच्या पानापानावर माझी सही आहे. ती काय मी डोळे मिटून करत होते?”

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं, पण पत्र गेल्याशिवाय खुर्चीवरून उठू दिलं नाही.